ड्रॅक्युलाचे कारागीर

१८ मे

नव्या नाटकाचा दुसरा अंक पडक्या वाड्यात घडतो. दिग्दर्शक म्हणतो, भूत दाखवायचं नाही, पण प्रेक्षकाने खुर्चीचा हात घट्ट धरला पाहिजे. दिवे माझ्याकडे आहेत. रात्री जरा गार झाल्यावर १९५८चा 'ड्रॅक्युला' पुन्हा लावला. हॅमर फिल्म्स या ब्रिटिश कंपनीचा, टेरेन्स फिशरने दिग्दर्शित केलेला.

श्रेयनामावली संपता संपता कॅमेरा शवपेटीपाशी येतो. पेटीवर ड्रॅक्युलाचं नाव. त्यावर वरून लालभडक रक्त ठिबकतं. कुणाचं, कुठून, याचा खुलासा नाही. बेला लुगोसीचा १९३१चा 'ड्रॅक्युला' कृष्णधवल होता, तिथे रक्त म्हणजे काळी सावली. इथे पहिल्याच मिनिटाला रंग अंगावर येतो.

मग ख्रिस्टोफर लीचा प्रवेश. जिन्याच्या वरच्या टोकाला एक उंच काळी आकृती. संगीत आदळतं, आपण सावरून बसतो. आणि ती आकृती झरझर पायऱ्या उतरून उजेडात येते, तर समोर एक देखणा, नीटनेटका गृहस्थ! पाहुण्याचं, म्हणजे हार्करचं, स्वागत करतो, त्याचं सामान स्वतः उचलतो. थोड्याच वेळात ग्रंथालयाचं दार धाडकन उघडतं आणि तोच चेहरा दिसतो. तोंड रक्ताने माखलेलं, डोळे लाल. टेबलावरून उडी मारून तो येतो. आधी ते सौजन्य पाहिलं नसतं, तर हा चेहरा नुसता मुखवटा वाटला असता. आमच्या वाड्यालाही आधी घरपण द्यायला हवं. पहिल्या प्रवेशात दिवे उबदार ठेवायचे, हे आजच लिहून ठेवतो.

२० मे

हे सगळं जिथे उभं राहिलं ती जागा म्हणजे बर्कशायरमध्ये थेम्सच्या काठावरचं डाउन प्लेस नावाचं जुनं घर. हॅमरने १९५१च्या सुमारास ते घेतलं आणि त्याचाच ब्रे स्टुडिओ केला. शेजारी ओकली कोर्ट ही गॉथिक धाटणीची हवेली, ती बाहेरच्या दृश्यांना कामी यायची. ट्रान्सिल्वेनियाचं जंगल म्हणजे जवळचं ब्लॅक पार्क. 'ड्रॅक्युला'चा सगळा खर्च ८१,००० पौंडांच्या आसपास. त्या काळीही ही रक्कम लहानच होती.

ब्रॅम स्टोकरच्या कादंबरीतला जहाजाचा प्रवास, इंग्लंड, लांडगे, वटवाघळं, सगळं जिमी सँगस्टरने पटकथेतून काढून टाकलं. काउंटचा किल्ला आणि त्याची सावजं यांच्यात आता घोडागाडीचं अंतर आणि एक सीमा-चौकी एवढंच उरलं. व्हॅम्पायर वटवाघूळ होतो हा गैरसमज आहे, असं ड्रॅक्युलाच्या मागावर असलेल्या व्हॅन हेल्सिंगच्या तोंडी एक वाक्य टाकलं, की तो खर्चही वाचला. गोष्ट मात्र पैशांच्या अडचणीनेच घट्ट झाली.

आणि बर्नार्ड रॉबिन्सन! या नेपथ्यकाराबद्दल मला फार प्रेम आहे. घराएवढ्या जागेत त्याने किल्ले उभे केले. पीळदार खांब, कमानी, वर नेणारा एक जिना. आज दिवाणखाना, उद्या रंग बदलून आणि भिंत फिरवून तळघर. 'ड्रॅक्युला : प्रिन्स ऑफ डार्कनेस' आणि 'रासपुतिन, द मॅड मंक' हे १९६६चे दोन सिनेमे त्याने पाठोपाठ त्याच सेटवर निभावले. 'द प्लेग ऑफ द झॉम्बीज' आणि 'द रेप्टाइल' यांचं गावही एकच. ओळखू येत नाही. दौऱ्यावर नेपथ्याचे तेच चार फ्लॅट घेऊन हिंडणाऱ्या आमच्यासारख्यांना हे काम काय आहे ते कळतं.

२१ मे

तालमीनंतर डिमरवर बसणाऱ्या मुलाला लॅपटॉपवर तुकडे दाखवले. तो लगेच म्हणाला, "काका, हा हिरवा कुठून आला? खोलीत तर मेणबत्ती आहे."

बरोबर प्रश्न. जॅक अ‍ॅशर हा छायालेखक दिव्यांवर रंगीत जिलेटीन लावायचा आणि उजेडाचा उगम दाखवायच्या भानगडीत पडायचा नाही. कोपऱ्यात हिरवट, कमानीमागे जांभळट, चेहऱ्यावर मात्र स्वच्छ प्रकाश. चेहरा खरा वाटतो म्हणून मागचा खोटा रंग आपण निमूट स्वीकारतो. असं एकेक दृश्य रंगवायला वेळ लागतो. कंपनीला तो वेळ महाग वाटू लागला आणि पुढे अ‍ॅशरकडे काम येईनासं झालं. त्याच्यानंतरचे सिनेमे पाहिले की फरक कळतो: उजेड आहे, पण तो कुणी ठरवलेला नाही.

मुलगा घरी गेल्यावर मी 'द ब्राइड्स ऑफ ड्रॅक्युला' (१९६०) मधला पवनचक्कीचा शेवट पुन्हा पाहिला. व्हॅन हेल्सिंग चक्कीच्या पात्याला लोंबकळून ते फिरवतो, चंद्रप्रकाशात पात्यांची सावली जमिनीवर क्रूस होऊन पडते आणि पळणारा व्हॅम्पायर त्या सावलीत सापडतो. संपूर्ण प्रसंगाचा निकाल प्रकाशयोजनेवर. हेवा वाटला.

२३ मे

फिशरबद्दल. आधी व्यापारी जहाजावर नोकरी, मग सिनेमाचं संकलन, आणि दिग्दर्शक झाला तेव्हा चाळिशी ओलांडलेली. संकलकाची शिस्त त्याच्या प्रत्येक दृश्यात आहे. कॅमेरा उगाच हलत नाही, कापायचं तिथेच कापतो.

पण त्याचं खरं मोठेपण आज 'ड्रॅक्युला'तल्या ल्यूसीच्या खोलीत दिसलं. आजारी मुलगी. घरचे निरोप घेऊन जातात. ती उठते, बागेकडचं दार उघडते, गळ्यातला क्रूस काढते आणि परत येऊन पडते. वाट पाहत. मानेवरच्या दोन जखमा आपल्याला दिसतात. बाहेर वाळलेली पानं वाऱ्याने सरकतात, बस्स. ड्रॅक्युला दार फोडून येत नाही, त्याच्यासाठी दार उघडं ठेवलेलं असतं. फिशर या मोहाला हसत नाही, त्याची चटकदार जाहिरातही करत नाही. मोह खरा आहे, म्हणून त्यातून सुटणं कठीण आहे, असं तो मनापासून मानतो. पुढे ल्यूसीची वहिनी मीना रात्रभर बाहेर राहून सकाळी घरी येते, फरची कॉलर गळ्याशी धरून, आणि ओठांवर किंचित हसू. तिच्या नवऱ्याला काही कळत नाही. मेलिसा स्ट्रिबलिंगने त्या एका हसण्यात सगळं सांगितलंय.

२६ मे

पीटर कुशिंगचा, म्हणजे या सिनेमांतल्या व्हॅन हेल्सिंगचा वाढदिवस. जन्म १९१३चा.

सेटवर त्याला 'प्रॉप्स पीटर' म्हणत, कारण त्याचे हात कधी रिकामे नसत. पाइप, भिंग, वही, हातमोजे, प्रत्येक वस्तू तो अशी हाताळतो की ती वर्षानुवर्षं त्याचीच असावी. आज फक्त त्याचे हात पाहायचे ठरवून बसलो. ल्यूसी व्हॅम्पायर होऊन लहानग्या टान्याला रात्री स्मशानात घेऊन येते, तो प्रसंग. व्हॅन हेल्सिंग ल्यूसीच्या कपाळावर क्रूस टेकवतो, चरचरत डाग उठतो, ती किंचाळत पळते. यानंतर तो पोरीकडे वळतो. आपला जाड फरचा कोट काढून तिच्याभोवती गुंडाळतो, तिच्याशी लाडाने बोलतो, क्रूस तिच्या हातात देतो आणि थोडा वेळ इथेच बस म्हणतो. अर्ध्या मिनिटापूर्वीचा कठोर माणूस हाच! हा जिव्हाळा दिसला म्हणून पुढे तो ल्यूसीच्या छातीत खुंटी ठोकायला निघतो तेव्हा आपण त्याच्या बाजूने असतो.

'ब्राइड्स'मध्ये त्यालाच दंश होतो. तळपतं लोखंड निखाऱ्यातून काढून तो स्वतःच्या मानेवर टेकवतो, मग जखमेवर पवित्र जल ओततो. कुशिंगने ते इतकं प्रामाणिकपणे केलंय की माझा हात नकळत मानेकडे गेला.

'ड्रॅक्युला'चा शेवटही त्यानेच सुचवला. खिशातून आणखी एक क्रूस काढणं त्याला पटेना. त्याऐवजी लांब टेबलावरून धावायचं, खिडकीच्या पडद्यावर झेप घेऊन तो ओढून पाडायचा, सूर्यप्रकाश आत येऊ द्यायचा आणि दोन मेणबत्तीदाण्या एकमेकींवर आडव्या धरून क्रूस करायचा. नट असा विचार करतो तेव्हा लेखकाने आणि दिग्दर्शकाने त्याला नमस्कार करावा. इथे दोघांनी ऐकलं, हेही तेवढंच मोठं.

२७ मे

लागोपाठ लीचा वाढदिवस, १९२२चा. ६ फूट ५ इंच उंची, दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात सेवा. ऑलिव्हिएच्या १९४८च्या 'हॅम्लेट'मध्ये कुशिंग ऑस्रिक होता आणि ली गर्दीतला एक भालेकरी. खरी मैत्री जमली ती १९५७च्या 'द कर्स ऑफ फ्रँकेन्स्टाइन'पासून आणि आयुष्यभर टिकली.

'ड्रॅक्युला'त लीच्या वाट्याला मोजके संवाद आहेत, तेही सुरुवातीला, फक्त हार्करशी. नंतर तो अवाक्षर बोलत नाही. आवाजाची जागा जेम्स बर्नार्डचं संगीत घेतं. तीन स्वरांत ते चक्क नाव पुकारतं: ड्रॅ-क्यु-ला. १९६६च्या 'प्रिन्स ऑफ डार्कनेस'मध्ये तर एकही वाक्य नाही. ली म्हणायचा, संवाद इतके वाईट होते की मी ते बोलायचं नाकारलं. सँगस्टर म्हणायचा, मी लिहिलेच नव्हते. कोण खरं, यापेक्षा पडद्यावर काय आहे ते महत्त्वाचं: चालणं, थांबणं, झग्याची एक झटक. पुरेसं आहे.

लीला मूळ कादंबरीबद्दल आदर होता आणि पुढचे भाग त्यापासून फार दूर जातात याचा राग. तरी तो परत येत राहिला. कंपनीचे जेम्स कॅरेरास फोन करून विनवायचे की तू नाही म्हणालास तर किती जणांचं काम जाईल, असं त्याने सांगून ठेवलंय. मला हे कारण कमी दर्जाचं वाटत नाही.

३१ मे

'प्रिन्स ऑफ डार्कनेस' पुन्हा. बार्बरा शेलीसाठी.

हेलन केंट ही चौघा इंग्रज प्रवाशांमधली करडी, सावध बाई. किल्ल्यात राहू नका म्हणणारी ती एकटीच, आणि तिचं कुणी ऐकत नाही. नोकर क्लोव्ह तिच्या नवऱ्याला पेटीवर उलटा टांगून गळा चिरतो, रक्त राखेवर पडतं, ड्रॅक्युला पुन्हा उभा राहतो, आणि पहिली शिकार हेलन. नंतर तीच बाई केस मोकळे सोडून, अधाशी हसत येते. मठातले साधू तिला टेबलावर दाबून धरतात आणि खुंटी ठोकतात, तेव्हा ती इतकी तडफडते की हे रक्षण चाललंय की अत्याचार, असा प्रश्न पडतो. फिशरने तो प्रश्न तसाच आपल्यावर सोडलाय. शेली जानेवारी २०२१मध्ये गेली. तिच्या नावावर एवढा एकच प्रसंग असता तरी मी तिला मोठी नटी म्हटलं असतं.

२ जून

सत्तरीच्या दशकातले सिनेमे भराभर पाहिले. कंपनी ब्रे सोडून गेली होती. 'द व्हॅम्पायर लव्हर्स' (१९७०) मध्ये उघडी अंगं वाढली, काळजी कमी झाली. तरी त्यात इन्ग्रिड पिट आहे. वॉर्सात जन्मलेली, लहानपणी नाझींच्या छळछावणीतून वाचलेली. तिची कार्मिला जेवढी भुकेली तेवढीच एकाकी आहे.

'ट्विन्स ऑफ एव्हिल' (१९७१) मधला कुशिंग मात्र पाहवत नाही. जानेवारी १९७१मध्ये त्याची बायको हेलन गेली. त्या वेळी हातात घेतलेला एक सिनेमा त्याने पहिल्या दिवसानंतर सोडला. इथे तो धर्मवेड्या गुस्ताव वाइलच्या भूमिकेत आहे, गाल आत गेलेले, डोळे खोल. 'ड्रॅक्युला ए.डी. १९७२'मध्ये तो नायिकेचा बाप होणार होता. काही महिन्यांत इतका थकलेला दिसू लागला की पटकथेत आजोबा करावं लागलं. सिनेमा सामान्य आहे. पण लंडनच्या त्या पार्टीबाज पोरांमध्ये तो प्रत्येक वाक्य पूर्वीइतकंच मनापासून बोलतो.

४ जून

याच मंडळींनी 'द स्ट्रँगलर्स ऑफ बॉम्बे' (१९५९) नावाचा सिनेमाही केला. दिग्दर्शक फिशर, स्टुडिओ ब्रे, विषय ठग. थेम्सकाठचा हिंदुस्थान, तोंडाला तपकिरी रंग फासलेले गोरे नट, कालीचा क्रूर पुजारी, आणि शहाणा एकटा ईस्ट इंडिया कंपनीचा गोरा कप्तान. राग आला. ट्रान्सिल्वेनिया त्यांनी कल्पनेतून उभा केला, त्यात कुणाचा अपमान नव्हता. इथे खऱ्या माणसांचा देश होता आणि ज्या गांभीर्याचं मी इतके दिवस कौतुक लिहितोय, त्याच गांभीर्याने हे असत्य रंगवलं. कारागिरी चांगली असल्याने ते जास्त खुपतं.

मुंबईशी त्यांचं चांगलं नातं जुळलं ते हिंदी भयपट करणाऱ्या रामसे बंधूंमुळे. तुलसी आणि श्याम दिग्दर्शन करणार, गंगू कॅमेऱ्यावर, किरण ध्वनी पाहणार, कुमार लिहिणार. 'दो गज जमीन के नीचे' (१९७२) साठी सगळं कुटुंब महाबळेश्वरला जाऊन राहिलं. 'बंद दरवाजा' (१९९०) मधला लांब झग्यातला उंच सैतान थेट लीच्या घराण्यातला. त्यांना नाकं मुरडणाऱ्यांनी एकदा धुक्यातले दिवे कुठे लावलेत ते पाहावं.

७ जून

लीचा स्मृतिदिन, २०१५चा. आज 'ड्रॅक्युला'ची दुरुस्त केलेली प्रत पाहिली.

१९५८मध्ये ब्रिटनच्या सेन्सॉरने शेवटाला कात्री लावली होती. जपानला गेलेली प्रत जास्त लांब असल्याचं चाहते वर्षानुवर्षं सांगत होते. २०११मध्ये टोकियोच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहात ती रिळं मिळाली. १९८४च्या आगीने तिथली सुरुवातीची रिळं नेली होती, शेवटची वाचली. त्यातून मीनाच्या खोलीतला तुकडा आणि ड्रॅक्युलाचा अंत परत जोडला गेला, आणि २०१३मध्ये तो सगळ्यांना पाहायला मिळाला.

आधीच्या प्रतीत ऊन अंगावर पडतं, तो कोसळतो, आणि थेट राख. आता मधलं दिसतं. ली हात चेहऱ्यावर नेतो, बोटं गालावरून खाली ओढतो आणि कातडी बोटांबरोबर निघून येते, खाली लालसर मांस. फिल लीकीने केलेली रंगभूषा ही. काही सेकंदांचाच भाग आहे. पण त्यात प्रथमच कळतं की तो नुसता नष्ट होत नाही, त्याला वेदना होते. लीने तसाच तो केलाय, एखाद्या माणसाचा मृत्यू करावा तसा. ज्यांनी तो कापला त्यांनी भीषणता कापली असेल, पण तिच्याबरोबर काउंटबद्दल वाटणारी कणवही कापली गेली.

डिमरवरच्या मुलाला उद्या हाच तुकडा आधी दाखवतो. आमच्या अंकाच्या शेवटी ब्लॅकआउट ठरला होता. तो काढून टाकावा, उजेड चेहऱ्यावर पूर्ण ठेवावा आणि नटाला वेळ द्यावा, असं दिग्दर्शकाशी बोलणार आहे.