आजीच्या छातीतला डाग

संगमनेरात आजीनं चाळीस वर्षं विड्या वळल्या. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी एक्स-रे काढला, तर उजव्या फुप्फुसात वर पांढरा डाग. खोकला नाही, ताप नाही.

२०१९-२१च्या राष्ट्रीय क्षयरोग पाहणीत एक्स-रे नसता तर ४२.६ टक्के रुग्ण निसटले असते. म्हणजे लक्षणं नाहीत यावर विसंबता येत नाही. पण बऱ्या झालेल्या क्षयाचा व्रणही असाच दिसतो. डॉक्टर म्हणाले, "जुना फोटो असेल तर आणा." (आम्हीही बग शोधताना आधी जुनी आवृत्तीच उघडतो.)

पत्र्याच्या पेटीत २०११चा फोटो सापडला. डाग तिथंच, तेवढाच.

"तुझा बाप रांगत होता तेव्हा सुया घेतल्या होत्या," आजी म्हणाली. "माहेरी. इथं कुणाला सांगितलं नाही."

आजोबा जाऊन नऊ वर्षं झालीत. तरी तिनं आवाज खाली केला होता.