कूस

प्रिय मावशी,

हे तुमच्या नातीकडून वाचून घ्या. आणि मध्येच "पुरे गं" म्हणून उठू नका. कुणी तुमच्याबद्दल चार शब्द बरे बोलायला लागलं की तुम्हाला नेमकं तेव्हाच बेडपॅन धुवायचं आठवायचं.

दादांना परभणीच्या वृद्धाश्रमात आणलं ती सकाळ आठवते? गंगाखेडला सगळी नोकरी उभ्यानं शिकवण्यात घालवलेला माणूस, लकव्यानं उजवी बाजू गेलेली. त्याआधी एका दवाखान्यात एकोणीस दिवस उताणे पडून होते. मी ऑफिसात डिपॉझिट किती, खोलीत टीव्ही आहे का, हे विचारत होते. तुम्ही त्यांना कुशीवर घेतलंत, माकडहाडापाशी बोट दाबून उचललंत. लाली तशीच. "गेली न्हाई बघा," एवढंच म्हणालात. दाबूनही न जाणारी लाली म्हणजे जखमेची सुरुवात, हे मला नंतर कळलं. एकोणीस दिवस मी त्यांचा हात धरून बसले होते, मावशी. पाठ एकदाही पाहिली नव्हती.

मग पुण्याहून मी स्पिरिट आणलं, पावडर आणली, हवेची गोल रिंग आणली. तुम्ही तिन्ही कपाटावर ठेवून दिलंत. मला राग आला होता, खरं सांगते. "स्पिरिटनं कातडी कोरडी पडती, रिंगेनं भवतालचं रगत दबतं." लाल जागा चोळूही दिली नाहीत. दर दोन तासांनी कूस, हेच तुमचं औषध. भिंतीकडं, उताणं, खिडकीकडं. ओढायचं नाही, खालच्या चादरीसकट दोघींनी उचलायचं, नाहीतर कातडी सोलते. गुडघ्यांमध्ये उशी, पोटरीखाली घडी, टाच अधांतरी. मे महिन्याच्या त्या भाजणाऱ्या दिवसांत दर वेळी दोन घोट पाणी आणि पिशवीतल्या लघवीच्या रंगावर नजर. जखम तरी उघडलीच. डॉक्टर ड्रेसिंग करायचे, पण भरून आली ती तुमच्या घड्याळावर. अडीच वर्षांनी दादा गेले तेव्हा त्यांची पाठ पुसलेल्या पाटीसारखी होती.

एकदा मी तुमच्यावर ओरडले होते. रात्रीच्या पनवेल-नांदेड गाडीनं आले होते, डब्यात शिरा होता, आणि तुम्ही भरवू देईनात. "गुरुजी झोपायलेत." मला वाटलं, कामचुकारपणा. अर्धवट झोपेतला घास श्वासनळीत जातो, हे तुम्ही मला चारचौघांत ऐकवू शकला असतात. नाही ऐकवलंत. ते जागे झाल्यावर ताठ बसवून, हनुवटी जराशी खाली घेऊन, चमचा चमचा भरवलात आणि अर्धा तास आडवं होऊ दिलं नाहीत. त्या दिवशी माफी मागायची राहिली. आज मागते.

आणि ते "गुरुजी, धोतर सोडते हं"! त्यांना उत्तर देता येत नव्हतं, तरी विचारल्याशिवाय पांघरूण काढलं नाहीत. दार लोटून, पडदा ओढून, मग. जनाबाईची गोष्ट दादा वर्गात रंगवून सांगायचे, त्यांच्याच गावची ना ती. विठ्ठल तिच्याबरोबर दळायला बसतो, तिचं डोकं धुतो. तुम्ही दादांचं डोकं खाटेवरच धुवायचात, मानेखाली मेणकापड, पाणी बादलीत ओघळतंय. त्यांच्या डोळ्यांतलं पाणी शिकेकाईचं नव्हतं, हे तुम्हाला कळायचं ना?

"आम्ही काय बाई, अंगठाबहाद्दर" म्हणायचात, त्याचा मात्र मला अजून राग आहे. डोरीन नॉर्टन नावाच्या इंग्रज नर्सनं १९६२ साली म्हाताऱ्या रुग्णांसाठी एक मोजमाप मांडलं. तब्येत, भान, चालणं, हातपाय हलवणं, लघवी-संडासवरचा ताबा, या पाचांना गुण द्यायचे. वीसपैकी चौदा किंवा कमी भरले तर पाठ सांभाळा. तुम्ही हे पाचही दारातच पाहून घ्यायचात. आणि बेडसोअर हा बहुतेक वेळा आजाराचा नव्हे, शुश्रूषेचा दोष, असं फ्लॉरेन्स नाइटिंगेलनं १८५९ मध्येच लिहून ठेवलंय. तुम्ही तिच्या शाळेतल्या. मग तुमच्या पगाराच्या कागदावर 'सफाई' का लिहिलेलं होतं?

ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यात जिल्ह्यामागे किमान दीडशे निराधार वृद्धांसाठी आश्रमाची तरतूद आहे. माणसं मोजली, चांगलं झालं. पण रात्री दोन वाजता एका मावशीच्या वाट्याला किती पाठी याव्यात, हे मी कुणाला विचारू? तुमच्याकडे चौदा होत्या. कमरेला पट्टा बांधून उचलत राहिलात आणि एक दिवस न सांगता घरी गेलात. मला का नाही कळवलंत? तुमची पाठ कुणी पाहिली का?

आता आई माझ्याकडे आहे. खुब्याचं हाड मोडल्यापासून अंथरुणावर. मोबाइलला दोन-दोन तासांचे गजर लावलेत. चादरीसकट उचलते, पण शेजारीण नसली की एकटीला जमत नाही. आधी गुडघा वाकवायचा की खांदा घ्यायचा? कालपासून तिच्या डाव्या टाचेवर लाली आहे. दाबली की अजून जाते. पोटरीखाली घडी ठेवली आहे, तरी सारखी सरकते. तुम्ही ती कशी बसवायचात?

फोन उचला, मावशी. नाहीतर नातीला लावायला सांगा. दोनच्या गजराला मी जागीच असते.

तुमची,
गुरुजींची लेक