पंचविसावं मिनिट

“अम्मी, अभ्यासासाठी लागतंय,” असं थोरला म्हणाला, तेव्हाच मी त्याला थांबवलं. वीस वर्षं वर्गात मुलांचे बहाणे ऐकत आलेय. म्हटलं, “खेळासाठी हवंय असं म्हण, मग बघू.” तो जरा ओशाळला आणि म्हणाला, “खेळासाठी हवंय.”

त्याच्या कॉम्प्युटरमध्ये जीटीएक्स १०५० टीआय नावाचं ग्राफिक्स कार्ड होतं. २०१६ साली बाजारात आलेलं, चार जीबी मेमरीचं. जुने खेळ त्यावर बरे चालत. नव्या खेळात मात्र गाडी वळणावर आली की चित्र अडखळायचं आणि गाडी कठड्यावर आदळायची. मला आधी वाटलं, याचाच हात कच्चा असेल. मग त्याने मला हिशेब करायला लावला. पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके. गुणाकार करा, २० लाख ७३ हजार ६००. यातल्या प्रत्येक ठिपक्याचा रंग ठरवायचा, आणि तोही एका सेकंदात साठ वेळा. कॉम्प्युटरचा मुख्य प्रोसेसर म्हणजे वर्गातला एक हुशार मुलगा, अवघड गणित तो झटकन सोडवतो. पण इथे गणित अवघड नाही, सोपी गणितं कोटींनी आहेत. त्यासाठी अख्खी शाळा मैदानात बसवून प्रत्येकाला एकेक बेरीज द्यावी लागते. कार्ड म्हणजे ती शाळा. त्याच्या शाळेत ७६८ मुलं होती आणि ती आता पुरत नव्हती.

ही गोष्ट २०२२ सालच्या डिसेंबरातली. चांगलं नवं कार्ड वीस हजारांच्या पुढे होतं. दुकानदार हप्त्यांवर द्यायला तयार होता, पण व्याजाचे हप्ते आमच्या घरात येत नाहीत. नुकतीच माझी भिशी लागली होती. धाकटीची फी बाजूला काढून हातात अकरा हजार उरले. तेवढ्यात जुनंच कार्ड मिळणार होतं, आणि त्या वर्षी जुन्या कार्डांना तोटा नव्हता. त्याचं कारण मला पुढे कळलं. लोक इथेरियम नावाचं आभासी चलन ‘खणून’ काढण्यासाठी एकेका खोलीत दहा-दहा कार्डं महिनोन्‌महिने रात्रंदिवस राबवत होते. सप्टेंबर २०२२ मध्ये त्या चलनाची पद्धतच बदलली, खणणं बंद झालं, आणि ती दमलेली कार्डं पुसून-झाडून बाजारात आली.

आम्हाला ॲपवर एक आठ जीबीचं कार्ड सापडलं. साडेसात हजार. विकणारा स्टेशनबाहेर भेटला. अदबीने सलाम केला, “घरचंच आहे आपा, फार वापरलेलं नाही,” म्हणाला. मोबाइलवर कार्ड चालत असल्याचा व्हिडिओ दाखवला. त्याच्या सलामावर विसंबून मी पुढे काही विचारलंच नाही. भाजीवाल्याकडची मेथी मी यापेक्षा जास्त निरखून घेते.

घरी आल्यावर पहिली अडचण निघाली. जुनं कार्ड ज्या खाचेत बसतं त्या खाचेतूनच वीज घ्यायचं, ७५ वॉटमध्ये त्याचं भागायचं. या नव्याला वरून आठ पिनांची वेगळी वायर हवी होती, आणि आमच्या पॉवर सप्लायला ती नव्हतीच. रविवारी मुंब्र्याहून लोकल धरली, दादरला गाडी बदलली, ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड गाठला. तिथे ५५० वॉटचा सप्लाय ३४०० रुपयांना घेतला. दुकानातल्या म्हाताऱ्या चाचांनी बजावलं की दुसरी कुठली पिन जोडून जुगाड करू नका, स्वस्त सप्लाय जळताना शेजाऱ्यालाही घेऊन जळतो. मग त्यांनी कार्ड कुठून घेतलं ते विचारलं. आम्ही सांगितलं. ते “अच्छा” म्हणाले आणि गप्प झाले.

कार्ड बसवायचं काम पाहण्यासारखं असतं. मगरिबनंतर त्याने टेबलावर चादर अंथरली, प्लग काढला, अंगातली स्थिर वीज जावी म्हणून आधी डब्याच्या पत्र्याला हात लावला. मागचे स्क्रू सोडले, खाचेच्या टोकाची चिमुकली कडी दाबली, जुनं कार्ड हळूच वर ओढलं. त्यावर पाच वर्षांची धूळ होती, जुन्या रजईसारखी. नवं बसताना ‘टक्’ आवाज आला. वायर लावली, बटण दाबलं, पंखे फिरले आणि पडदा काळाच. माझा जीव खाली गेला. दहा मिनिटांनी कळलं की मॉनिटरची केबल कार्डाऐवजी मदरबोर्डमध्येच राहिली होती.

मग मात्र खेळ असा धावला, की धाकटीही अभ्यास सोडून मागे येऊन उभी राहिली. रस्त्यावर पाऊस पडत होता आणि गाडीच्या टपावर दिव्यांचं प्रतिबिंब सरकत होतं. खोटं कशाला बोलू, मीही भाजी गॅसवर ठेवून पाहत राहिले.

पंचविसाव्या मिनिटाला पडद्यावर हिरव्या रेघा उमटल्या, आणि सगळं थिजलं.

नंतरचे आठ दिवस त्यातच गेले. जुन्या कार्डाचे ड्रायव्हर पुसून नवे घातले. कार्ड उघडून धूळ काढली, वाळून पापुद्रा झालेली थर्मल पेस्ट खरवडून नवी लावली. पंचवीस मिनिटांची अठ्ठावीस झाली. कार्ड तापलं की त्याची मेमरी दगा देत होती. विकणाऱ्याचा फोन बंद.

“विकून टाकू,” थोरला म्हणाला. “वीस मिनिटं तर चालतं. आपल्याला कुठे कोणी सांगितलं होतं?”

इथे मी काय म्हणायला हवं होतं, ते वाचणाऱ्यांना ठाऊक आहे. मदिनेच्या बाजारात धान्याच्या ढिगात हात घालून आतलं ओलं धान्य वर काढणाऱ्या आपल्या नबींचा (सल्लल्लाहु अलैहि व सल्लम) प्रसंग मी दरवर्षी वर्गात सांगते. त्या दिवशी मी म्हणाले, “कोणी विचारलं तर खोटं बोलू नकोस.” म्हणजे नाही विचारलं तर गप्प बस. माझे साडेसात हजार मला परत हवे होते, आणि ते कोणाच्या खिशातून येणार याचा विचार मी टाळत होते.

शुक्रवारी संध्याकाळी एक मुलगा आला, सोळा-सतरा वर्षांचा, बरोबर त्याचे मामू. मामूंच्या बोटांना यंत्राच्या तेलाचे काळे डाग. पैसे लग्नाच्या पाकिटात घालून आणले होते. मी चहा ठेवायला आत गेले. आतून खेळाचा आवाज ऐकू येत होता, त्या मुलाचं “मस्त! मस्त!” ऐकू येत होतं. मी घड्याळाकडे पाहिलं. बारा मिनिटं झाली होती. चहा उकळून उतू आला तरी मी गॅस बारीक केला नाही.

बाहेर आले, तेव्हा मामू पाकीट उघडून नोटा मोजत होते. त्या मुलाने काहीच विचारलं नव्हतं. मीही ट्रे ठेवून गप्प बसले.

“थांबा,” थोरला म्हणाला. “अजून थोडा वेळ चालू राहू दे. चहा घ्या तोवर.”

मामूंनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आम्ही चौघं चहा पीत पडद्याकडे बघत बसलो. थोरल्याने माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. रेघा आल्या. त्या मुलाचा चेहरा पडला. थोरल्याने त्याला सगळं सांगितलं, पेस्ट बदलल्याचंही. मामूंनी नोटा पाकिटात घातल्या, आणि जाताना माझ्याशी न बोलता त्याच्याशी हात मिळवला.

ते कार्ड शेवटी एका दुरुस्तीवाल्याने सुट्या भागांसाठी बाराशेला नेलं. जुनं १०५० टीआय परत खाचेत बसलं. थोरल्याने वर्षभर दोन मुलांच्या शिकवण्या घेतल्या, ईदी साठवली, उरलेले मी घातले, आणि आरएक्स ६६०० घेतलं. नवं, डब्यासकट, वॉरंटीसकट. १३२ वॉट, तीच आठ पिनांची वायर, लॅमिंग्टन रोडचा सप्लाय कामी आला. त्याच्या शाळेत आता १७९२ मुलं आहेत. कंपनी वेगळी असल्याने हे आकडे जुन्याशी सरळ ताडून पाहता येत नाहीत, असं तो मला बजावतो. पण गाडी आता वळणावर अडखळत नाही, आणि तरीही कठड्यावर आदळते.

त्याच रात्री त्याने त्या मुलाचा नंबर शोधून फोन लावला. मुलाकडे अजून कार्ड नव्हतं, आणि वेगळ्या वायरचा सप्लायही नव्हता. १०५० टीआय त्याच्या कॉम्प्युटरला नेमकं चाललं असतं. तीन हजारांना ठरलं. मी शेजारी कणीक मळत होते.

“आणि ऐक,” थोरला फोनवर सांगत होता, “सुरू होताना पंखा खरखरतो. दोन मिनिटांत थांबतो. उद्या ये, तासभर चालवून बघ.”