योग्यता, धूर आणि खारा वारा

मराठीत पीयूसी 'काढतात'. सातबाऱ्याचा उतारा काढतात, रेल्वेचे तिकीट काढतात, ओळखपत्रासाठी फोटो काढतात, त्याच पंक्तीत पीयूसीही काढतात. इंग्लंडात वाहन दरवर्षी परीक्षेला बसते आणि उत्तीर्ण वा अनुत्तीर्ण होते. आपल्याकडे 'आमची स्कूटर पीयूसीत नापास झाली' हे वाक्य आम्ही तरी आजवर कोणाच्या तोंडून ऐकलेले नाही. क्रियापद कधी कधी वस्तुस्थिती फार आधी ओळखून बसलेले असते. जी गोष्ट काढायची असते, ती मिळणारच असते. प्रश्न फक्त रांगेचा आणि सुट्या पैशांचा.

आमच्या घरी २००७ साली घेतलेली टीव्हीएस स्कूटी पेप प्लस आहे. सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी सीसीचे इंजिन, हलके अंग, दोन्ही चाकांना ड्रम ब्रेक. तिच्या पाटीवर एमएच-०४ हा ठाण्याचा क्रमांक आहे, कारण तेव्हा वसई तालुका ठाणे जिल्ह्यात होता. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी अस्तित्वात आला आणि आज या भागात नव्या गाड्यांना एमएच-४८ मिळतो. पहिले वर्ष सुटीचे होते. त्यानंतर दर सहा महिन्यांनी एक, याप्रमाणे तिच्या नावावर तीसहून अधिक प्रमाणपत्रे जमली आहेत आणि ती सर्व आम्ही एका प्लॅस्टिकच्या फायलीत जपून ठेवली आहेत. सुरुवातीच्या कागदांवरची शाई उडाली आहे. निकाल मात्र सगळीकडे एकच. इतके अखंड यश आमच्या घराण्यात दुसऱ्या कोणी मिळवलेले नाही.

या यशाचे स्वरूप समजून घ्यायचे तर कायद्याकडे थोडे वळावे लागते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार खाजगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षे वैध असते. या १५ वर्षांत तिचे ब्रेक, टायर, चेसिस यांच्याकडे कोणाही अधिकाऱ्याने नियमाने पाहावे, अशी तरतूद नाही. रस्त्यावर ज्याला 'पासिंग' म्हणतात ती तपासणी भाड्याच्या वाहनांसाठी: पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी, पुढे दरवर्षी. त्यामुळे गावातला रिक्षावाला पासिंगच्या आधी रिक्षाला रंग काढतो, दिवे बदलतो, एखादा बरा टायर चढवतो. खाजगी स्कूटरच्या वाट्याला उरतो तो केंद्रीय मोटार वाहन नियमांतील ११५ वा नियम, म्हणजे फक्त धूर. बीएस-४ आणि त्यानंतरच्या गाड्यांना तो वर्षातून एकदा दाखवावा लागतो, आमच्या स्कूटीसारख्या जुन्या पिढीला दोनदा. प्रमाणपत्र जवळ नसेल तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर दंड १०,००० रुपयांपर्यंत जाऊ शकतो. प्रमाणपत्राच्या नावातच त्याची मर्यादा स्पष्ट लिहिलेली आहे: प्रदूषण नियंत्रणात आहे. याहून अधिक आश्वासन त्याने कधी दिलेले नाही. आपणच त्यात 'गाडी ठीक आहे' असे वाचतो.

धुराच्या निकषातही एक गंमत आहे, ती साहित्याच्या अभ्यासकांना विशेष रुचावी. ३१ मार्च २००० पूर्वी बनलेल्या दुचाकीला निष्क्रिय वेगावर, म्हणजे गाडी जागच्या जागी चालू ठेवून, कार्बन मोनॉक्साइड ४.५ टक्क्यांपर्यंत माफ आहे. त्यानंतरच्या पिढीला ३.५ टक्के. पुढच्या पिढ्यांना मर्यादा अधिक कडक होत गेल्या. म्हणजे एखादी जुनी चेतक आणि आमची स्कूटी एकाच केंद्रावर, एकाच नळीने तपासली गेली, तरी दोघींना विचारलेला प्रश्न वेगळा असतो. हवेला किती विष पोचले हा तो प्रश्न नव्हे. तुझ्या पिढीकडून जेवढी अपेक्षा होती तेवढी तू आजही पुरी करतेस का, हा आहे. कालसापेक्ष समीक्षेचा इतका काटेकोर अवलंब आमच्या पाहण्यात अन्यत्र नाही. त्यात अन्याय आहे असेही आम्हाला वाटत नाही. २००७ च्या यंत्राकडे २०२० च्या यंत्राची शुद्धता मागणे व्यर्थच. परंतु निकष इतका समजूतदार असल्यावर निकालाविषयी उत्कंठा उरत नाही, हेही खरे.

आता कळंबविषयी. गावाच्या पश्चिमेला समुद्र, किनाऱ्यालगत सुरूची झाडी, मागे वाड्या. सुट्टीच्या दिवशी येणारी मंडळी हौसेने दुचाक्या वाळूवर नेतात, फोटो काढतात आणि संध्याकाळी परत जातात. त्यांच्या गाड्यांना समुद्र एक दिवस लागतो; इथल्या गाड्यांना तो वर्षभर लागलेला असतो. लाटा फुटताना उडणारे सूक्ष्म तुषार वाऱ्यावर गावात येतात, पाणी उडून जाते, मीठ बसून राहते. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या पुढे गेली की ते मीठ स्वतःच पाणी ओढून घेऊन विरघळते. म्हणजे पाऊस पडला नाही तरी लोखंड ओलेच. जूनपासून सप्टेंबरपर्यंत तर बोलायलाच नको. गंज धरतो तो उघड्या, दिसणाऱ्या जागी नव्हे. जोडाच्या फटीत, स्टँडच्या खिळीत, ब्रेकच्या वायरीवरच्या आवरणाच्या आत, पायाखालच्या रबरी चटईखाली जिथे ओली वाळू साठते तिथे.

आणि आमच्या स्कूटीचे बाह्यांग प्लॅस्टिकचे आहे. प्लॅस्टिकला गंज चढत नाही. आठवड्यातून एकदा फडके मारले की अठरा-एकोणीस वर्षांची ही गाडी सात-आठ वर्षांची भासते. जुन्या चेतकचा देह पत्र्याचा असे. तिला गंज चढला की तो फोडासारखा वर येई आणि मालकाला सकाळी-संध्याकाळी डोळ्यांसमोर दिसे. स्कूटीचा सांगाडा आतल्या आत झिजतो आणि चेहरा प्रसन्न राहतो.

सायलेन्सरची गोष्ट तर याहून विलक्षण. तीन-चार पावसाळ्यांपूर्वी तो बुडाशी खाऊन गेला आणि त्याला बोटाच्या पेराएवढे भोक पडले. आवाज वाढला. अशाच अवस्थेत पीयूसीची तारीख आली. केंद्रावरच्या मुलाने मागून नळी घातली, यंत्राने आकडा दाखवला आणि तो नेहमीपेक्षा चांगला निघाला. कारण साधे आहे. सायलेन्सर फुटका असला की इंजिनाच्या दर दोन धक्क्यांच्या मधल्या अवकाशात त्या भोकातून बाहेरची हवा आत ओढली जाऊ शकते. धुरात हवा मिसळते आणि विषाची टक्केवारी खाली येते. धूर कमी झालेला नसतो, पातळ झालेला असतो. ज्या गंजाने गाडी नासवली, त्यानेच तिला परीक्षेत दोन गुण अधिक मिळवून दिले. महाविद्यालयात अंतर्गत मूल्यमापनाचे गुण देणाऱ्या वाचकांना या प्रक्रियेत अपरिचित काही वाटणार नाही.

कधी आकडा मर्यादेबाहेर गेलाच, तर त्यावरही उपाय असतो. कार्बोरेटरचा स्क्रू अर्धा फेरा फिरवतात, मिश्रणातले पेट्रोल कमी होते, पुन्हा नळी घालतात आणि कागद बाहेर येतो. मग पहिल्या चढाला गाडी खोकू लागते आणि मेकॅनिक तो स्क्रू पुन्हा पूर्वीच्या जागी आणून ठेवतो. परीक्षेपुरते वागणे आणि एरवी वागणे यांतले अंतर एका स्क्रूच्या अर्ध्या फेऱ्याइतके असते.

हे सारे आम्ही विनोदाने लिहीत असलो, तरी ती स्कूटी रोज पहाटे आमची मुलगी चालवते. निर्मळवरून नालासोपारा स्टेशन, तिथून लोकल. परतताना बहुधा अंधार पडलेला असतो. एका फेब्रुवारीत, प्रमाणपत्र काढून पुरते तीन आठवडे झाले नव्हते, तेव्हा वळणावर मागच्या ब्रेकची वायर तुटली. पुढचा ब्रेक लागला, वेग कमी होता, रस्ता मोकळा होता. गुडघा खरचटण्यापलीकडे काही झाले नाही. वायर बाहेरून काळी आणि धडधाकट होती. आवरण सोलल्यावर आतल्या तारा चहाच्या चोथ्यासारख्या हातात आल्या.

मेकॅनिकने स्कूटी आडवी केली, पायाखालचा प्लॅस्टिकचा भाग उतरवला आणि स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने खालच्या नळीवर ठोकत गेला. बहुतेक ठिकाणी टणटणीत आवाज आला. स्टँडच्या जोडाजवळ आला नाही. तिथे त्याने टोक टेकवून जरा जोर दिला, तसे ते आत गेले.

"सर, पीयूसीवाला मागून बघतो," तो म्हणाला. "गाडी खालून बघायची असते."

त्याने नवा तुकडा वेल्डिंग करून दिला, दोन्ही ब्रेकच्या वायरी बदलल्या आणि वर्षातून एकदा, पावसाळा संपला की, गाडी आडवी करायला आणा असे बजावले. सक्तीची वार्षिक तपासणी आमच्या स्कूटीला कायद्याने दिली नव्हती. ती अशी दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात, तेलाने माखलेल्या पोत्यावर सुरू झाली. त्या तपासणीत ती पहिल्या वर्षी नापास झाली, दुसऱ्या वर्षीही झाली. दर वेळी काय बदलायचे ते कळले.

मधल्या काळात, २०२२ साली, तिची १५ वर्षे भरली आणि नोंदणीच्या नूतनीकरणासाठी तिला रीतसर तपासणीला न्यावे लागले. त्याच वर्षी १ एप्रिलपासून दुचाकीचे नूतनीकरण शुल्क ३०० वरून १,००० रुपये झाले होते. वर महाराष्ट्राचा पर्यावरण कर, पाच वर्षांचे २,००० रुपये. शुल्क भरले. उन्हात रांग होती. चेसिसवर कोरलेल्या क्रमांकाची पेन्सिलने कागदावर छाप घेतली गेली. खाऱ्या हवेने तोही अस्पष्ट झाला होता, रॉकेलच्या फडक्याने पुसल्यावर वाचता आला. दिवा लागला, हॉर्न वाजला, पाटी जुळली. गाडी पास झाली. ही गाडी तीच आहे का, या प्रश्नाचे उत्तर काळजीपूर्वक शोधले गेले. ती कशी आहे, हा प्रश्न घाईत राहून गेला. रांगेतल्या गाड्यांची संख्या पाहता त्यात आश्चर्य करण्यासारखे काही नव्हते.

या तपासणीनंतर जो दाखला मिळतो त्याला मराठीत 'योग्यता प्रमाणपत्र' म्हणतात, आणि या शब्दापाशी आम्ही पुष्कळ वेळ थांबलो. शाब्दबोधाच्या चर्चेत आकांक्षा, योग्यता आणि आसत्ती ही त्रयी आपण वर्गात शिकवतो. विश्वनाथाने 'साहित्यदर्पणा'त वाक्याचे लक्षण सांगताना हीच तीन पदे घेतली आहेत. योग्यता नसल्याचे ठरलेले उदाहरण म्हणजे 'अग्नीने शिंपतो'. अग्नी हा शब्द निर्दोष, शिंपणे हे क्रियापद निर्दोष, विभक्ती बरोबर. तरीही वाक्य उभे राहत नाही, कारण त्या दोन अर्थांचा परस्परांशी मेळ नाही. योग्यता एकट्या पदात राहत नाही. ती दोहोंमध्ये असते. स्कूटर स्टँडवर उभी करून तिची योग्यता पाहणे म्हणजे 'अग्नी' हा शब्द शुद्धलेखनापुरता तपासून वाक्याला मान्यता देणे होय. ही स्कूटर नाशिकच्या कोरड्या हवेत योग्य असेल. कळंबचा वारा, निर्मळचे वळण आणि पहाटेचा अंधार यांच्यासह तिचे जे वाक्य होते, ते कोणी वाचलेले नसते.

इतर देशांतही हा घोळ सुटलेला आहे असे नाही. ब्रिटनमध्ये १९६० पासून वाहनांची एमओटी चाचणी आहे. ज्या परिवहन मंत्रालयाच्या नावावरून ही अक्षरे आली त्याचे नाव पुढे बदलले, अक्षरे राहिली. तिथे स्कूटरलाही तीन वर्षांनंतर दरवर्षी परीक्षेला बसावे लागते, आणि त्यात ब्रेक, टायर, सुकाणू यांबरोबर सांगाड्याचा गंजही पाहतात. तिकडे हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून माणसेच रस्त्यावर मीठ टाकतात. गंजाशी त्यांचा परिचय जुना. नापास झालेल्याला कारणांची यादी मिळते, हे आम्हाला विशेष मोलाचे वाटते. उलट जपान वाहन-तपासणीत अतिशय कडक म्हणून ख्यात, तर तिथे २५० सीसीपर्यंतच्या दुचाकींना ती तपासणीच नाही. आमची स्कूटी तोक्योत असती तर तिला आयुष्यात कोणी सक्तीने तपासले नसते. लहान वाहनाकडून फारसे काही बिघडणार नाही, असा एक समज या सवलतीमागे असावा. लहान वाहनावर बसलेल्या माणसाचे काय बिघडेल, याचा हिशेब त्यात दिसत नाही.

असो. २०२७ मध्ये स्कूटीला २० वर्षे होतील आणि पुन्हा नूतनीकरण येईल. २० वर्षांपुढील दुचाकीसाठी केंद्राने ऑगस्ट २०२५ मध्ये ते शुल्क २,००० रुपये केले आहे. गाडी विकून टाकावी असा एक विचार घरात आहे, पण तो मांडणाऱ्याला मुलगी लगेच विचारते, मग घेणारा ती कशावर चालवेल? तूर्त प्लॅस्टिकच्या फायलीत, प्रमाणपत्रांच्या वर, मेकॅनिकने सांगितलेल्या क्रमाने लिहिलेला एक कागद ठेवला आहे: स्टँडचा जोड, खालची नळी, मागच्या ब्रेकची वायर, पुढच्या ब्रेकची वायर, हँडलच्या गोळ्या, टायर, सायलेन्सर. धूर आठव्या क्रमांकावर आहे.