एडिंग्टनचं पाणी

आरी ॲस्टरचा 'एडिंग्टन' बऱ्हाणपूरच्या लोधीपुऱ्यातल्या घरी भाच्याबरोबर पाहिला आणि संपल्यावर आम्ही दोघं त्यावरून बराच वेळ भांडलो. मे २०२५मध्ये कान महोत्सवात तो दाखवला, तेव्हा समीक्षकांतही असेच दोन तट पडले होते.

न्यू मेक्सिकोतलं एडिंग्टन हे काल्पनिक गाव, काळ मे २०२०चा, कोविडचा. शेरीफ जो क्रॉसला दमा आहे, त्याला मास्क नको. महापौर टेड गार्सियाला मास्कचा नियम पाळलेला हवा. दोघांत जुनं वैरही आहे. दुकानात त्यावरून झालेली बाचाबाची वाढत जाते आणि जो स्वतःच महापौरपदासाठी उभा राहतो. घरात त्याची सासू इंटरनेटवरच्या कटकारस्थानांत बुडालेली. मिनियापोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइडचा पोलिसाच्या गुडघ्याखाली जीव जातो आणि त्याचे पडसाद या एवढ्याशा गावातही उमटतात, मोर्चे निघतात.

भाच्याचा राग इथेच. "मामा, मोर्चातली पोरं नुसती मिरवायला आल्यासारखी दाखवलीत. पण तो माणूस खरोखर मेला होता ना!" मला ते पटलं. अन्यायाविरुद्ध रस्त्यावर उतरणारा आणि बंदूक उचलणारा, दोघांना एकाच तराजूत टाकणं हा या सिनेमाचा मोठा दोष आहे. शेवटचा गोळीबारही फार लांबलाय.

तरी पहिला भाग पाहताना मला आमचाच तो उन्हाळा दिसत होता. बऱ्हाणपूरचे पॉवरलूम बंद, ओट्यावर बसणं बंद, आणि आजार कोणत्या मोहल्ल्यातून आला हे सांगणारे मेसेज रात्रंदिवस चालू. वर्षानुवर्षं एकमेकांच्या लग्नात राबलेली माणसं त्या मेसेजांवर विश्वास ठेवून गप्प झाली. ती चुप्पी मला आजाराइतकीच भयंकर वाटली होती.

मग २०२२मध्ये आमच्याकडेही महापौरपदाची निवडणूक झाली. भाजपच्या माधुरी पटेल अवघ्या ५४२ मतांनी निवडून आल्या. नंतर कित्येक दिवस चौकात एकच विषय: कोणाची मतं कोणी खाल्ली. नळाला पाणी किती वेळ येतं, हे कोणी काढलंच नाही.

आणि हे त्या शहरात, जिथे १६१५च्या सुमारास, अब्दुल रहीम खानखानाच्या काळात, सातपुड्यातून झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यांतून नुसत्या उतारावर गावात आणलं गेलं! तो कुंडी भंडारा आजही पाहायला मिळतो.

एडिंग्टनमध्येही मुद्दा पाण्याचाच आहे. दुष्काळी भागात मोठं डेटा सेंटर येऊ घातलंय, त्याला वीज आणि पाणी लागणार. गाव मास्कवरून भांडतं, माणसं मरतात, महापौर बदलतो. डेटा सेंटर मात्र उभं राहतं.

म्हणून मी हा सिनेमा ओळखीच्यांना आवर्जून पाहायला सांगतो. भाचा अजून ऐकत नाही. "पाण्याचं खरंय, मामा," तो म्हणतो, "पण तेवढ्यासाठी पोरांची टिंगल कशाला?"