पाण्याचा दिवस

सोलापुरात घरोघरी दोन कॅलेंडरं असतात. एक भिंतीवर, दुसरं घरातल्या बाईच्या डोक्यात. भिंतीवरच्यात एकादशी, चतुर्थी, दुधाचे खाडे. डोक्यातल्यात फक्त पाणी. सोमवारी आलं होतं, म्हणजे आता शुक्रवारी येणार. शुक्रवारी नाहीच आलं तर शनिवारी पहाटे.

उजनी धरणातून शंभरेक किलोमीटरच्या नळवाहिनीनं, टाकळीला भीमेवरून आणि 1871 साली बांधलेल्या हिप्परग्याच्या एकरुख तलावातून, अशा तीन वाटांनी या शहराकडं पाणी निघतं. आमच्या गल्लीत पोचेपर्यंत तीन-चार दिवस उलटलेले असतात. याचं कौतुक मी करणार नाही. हंडे उचलून उचलून इथल्या बायांच्या कमरा गेल्या, गुडघे गेले. रोज पाणी मिळणं हा या शहराचा हक्क आहे आणि तो मिळालाच पाहिजे. पण त्या दिवशीचं आमचं घर मला फार आवडतं, हेही तितकंच खरं.

नळ आधी नुसती हवा सोडतो. मग एक गढूळ गुळणी. तेवढ्यात शेजारून हाक येते, "काकू, पाणी आलंय की!" आणि एरवी आपापल्या वेळेला उठणारी, आपापल्या वेळेला जेवणारी माणसं एका क्षणात अंगणात जमतात. हे मोटर लावायला पळतात. सासूबाई पिण्याच्या घागरीवर फडकं धरून बसतात. ते काम त्या दुसऱ्या कुणाला देत नाहीत. फडक्याची चौपदरी घडी, चारी टोकं मुठीत, आणि मधल्या खळग्यात पडणारी करंगळीएवढी धार. घागर भरत आली की आवाज बारीक होत जातो. डोळ्यांना नीट दिसत नसलं तरी त्या आवाजावरून बरोबर वेळेला हात काढतात. पोरगा गच्चीवरच्या टाकीत डोकावून ओरडतो, "अजून चार बोटं!" पोरगी पाइप धरून पिंपं भरते आणि त्यातलं थोडं भावाच्या अंगावर जाईल अशी व्यवस्था करते.

मी बघत राहते. आमच्या घरात कुणी कुणाला जवळ घेऊन प्रेमाचे शब्द बोलत नाही. तशी रीतच नाही. पण भरलेली कळशी सुनेच्या हातातून काढून घेताना सासूबाई "सरक, कंबर धरंल" म्हणतात. माझी आई याहून निराळं काय म्हणाली असती?

सगळं भरून झालं की उरलेल्या धारेत अंगण धुतलं जातं. मे महिन्यात पारा 43-44 अंशांवर असतो, शहाबादी फरशी चटके देत असते, तिच्यावर पाणी पडलं की वाफ उठते. मग धाकट्याला घमेल्यात बसवून आंघोळ. गल्लीत दर दोन-तीन दारांआड असं एखादं पोर घमेल्यात बसलेलं दिसतं.

पूर्वी घराचं वेळापत्रक मिल ठरवायची. सासरे मिलमध्ये होते. 1877 मध्ये सुरू झालेली जुनी मिल, पुढं नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू, जाम. या गावाचं घड्याळ मिलच्या भोंग्यांवर चालायचं. सासूबाई सांगतात, पहिल्या भोंग्याला चूल पेटायची आणि पाळी सुटल्याचा भोंगा झाला की दाराशी पाण्याचा तांब्या जायचा. घड्याळ घरात आलं ते फार पुढं. मिल बंद पडल्या, भोंगेही गप्प झाले. तरी त्या वेळेला त्यांचा हात अजून तांब्याकडं जातो. सासरे जाऊनही बराच काळ झाला.

आता गल्लीत यंत्रमाग आहेत. खाली माग, वर बिऱ्हाड. जकार्डच्या पट्ट्या वरून फिरत असतात, धोटा इकडून तिकडं धावत असतो, आणि चादरीवर मोर वीतभर वीतभर पुढं सरकतो. मागाची खटखट इतकी अंगवळणी पडलेली, की आमची पोरं त्यात गाढ झोपतात आणि आवाज थांबला की जागी होतात. लाइट गेली की सगळे माग एकदम बंद. मग पहिल्यांदाच घरातले आवाज घरातल्यांना ऐकू येतात. कुणाच्या तरी भाकरीची थापथप, कुणाचं तेलुगूतलं रागावणं, कुणाची कन्नडमधली अंगाई. विणकर हात पुसत ओट्यावर येतात. त्या वेळात त्यांची मजुरी बुडते, म्हणून लाइट लवकर यावी असं मनापासून वाटतं. तरी तेवढ्यात एखादा बाप पोराला मांडीवर घेतो, दिवसभरात त्याचं तोंड पहिल्यांदा नीट बघतो, आणि विचारतो, "काय शिकलास बे आज?"

शेजारच्या अक्का विड्या वळतात. सोलापुरातल्या हजारो बायांचं पोट या कामावर आहे, त्यात पद्मशाली घरांतल्या बाया पुष्कळ. भिजवून ओल्या पोत्यात गुंडाळलेली तेंदूची पानं, मांडीवर सूप, सुपात तंबाखू. पत्र्याचा तुकडा पानावर ठेवून कात्रीनं पान त्या मापात कापायचं, चिमूटभर तंबाखू पसरायची, दोन्ही हातांच्या बोटांत गुंडाळायचं, टोक नखानं दुमडायचं, दोऱ्याचा फेरा. बघेस्तोवर विडी तयार. हजार विड्या व्हाव्या लागतात, तेव्हा दिवसाची मजुरी पदरात पडते. तंबाखूच्या धुळीनं खोकला लागतो, पाठ धरते. अक्कांनी लेकीला सुपाजवळ बसू दिलं नाही. शिकवलं, आणि ती आज दवाखान्यात नर्स आहे.

संध्याकाळी नात अक्कांच्या पाठीला पाठ लावून मराठी कविता पाठ करते. अक्कांना मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. बोटं चालूच असतात. पण नात अडखळली की बोटं थांबतात. पुढचा शब्द अक्कांना येतो, ऐकून ऐकून पाठ झालेला. त्या सांगत नाहीत. नातीला तो स्वतःला आठवेपर्यंत हातातलं पान तसंच अर्धवट धरून ठेवतात. मजुरी मोजून घेणाऱ्या हातांनी नातीसाठी एवढा वेळ द्यावा, याचं मोल मला फार वाटतं.

जानेवारीत गाव निराळंच होतं. स्वातंत्र्यलढ्यात, 1930 च्या मे महिन्यात इंग्रजांनी इथं मार्शल लॉ लावला होता. मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी दिली गेली. त्या दिवशी चार पुतळ्यांपाशी हार घालायला शाळेची पोरं जातात, आणि लगेच ग्रामदैवत सिद्धेश्वरांची यात्रा, आमचा गड्डा, सुरू होतो. दीर नंदीध्वजाच्या मिरवणुकीत असतात. त्यांची पांढरी बाराबंदी नीळ घालून धुणं, तिचे बंद तपासणं, फेट्याच्या घड्या मोडणं हे घरात आठवडाभर चालतं. अडुसष्ट लिंगांना नंदीध्वज जाऊन येतात. दुसऱ्या दिवशी संमती कट्ट्यावर अक्षता. सिद्धेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचा विवाह लागतो आणि सगळं शहर वऱ्हाडी होतं. पोरगा बापाच्या खांद्यावर, त्याच्या मुठीत अक्षता. त्यातल्या निम्म्या बापाच्याच कॉलरमध्ये जातात, आणि हे रात्री शर्ट झटकताना, "लग्न माझं लागलं की काय पुन्हा?" म्हणून हसतात.

थोरला पुण्याला नोकरीला आहे. पहाटेच्या हुतात्मा एक्सप्रेसला त्याला सोडायच्या आदल्या दिवशी घरात मालदांडी ज्वारीच्या पिठाच्या कडक भाकऱ्या होतात. पातळ थापायच्या, तव्यावर भाजून कडक होईपर्यंत वाळवायच्या, म्हणजे पंधरवडाभर टिकतात. चटणी मात्र सासूबाईंच्याच हातची. भाजलेले शेंगदाणे, लसूण, जिरं, मीठ, लाल तिखट. उखळात तेल सुटेपर्यंत कुटायची. मिक्सरमधली त्यांना चालत नाही, आणि या बाबतीत मी पूर्णपणे त्यांच्या बाजूची आहे. कुटलेल्या चटणीला जो ओलसर गोळा येतो, तो पात्याला जमत नाही.

परवा त्याचा फोन आला. चटणी संपली होती. खोलीतल्या मित्रांनीच संपवली म्हणे, तेव्हा त्यानं स्वतःच करायचं ठरवलं होतं. मी प्रमाण सांगत होते तोवर सासूबाईंनी फोन ओढून घेतला.

"दाणे मंद आचेवर भाज. घाई करू नको. तिखट शेवटी."

"आज्जी, उखळ नाही इथं."

"मग पाट्यावर वाट."

"पाटापण नाही."

त्या जरा वेळ गप्प बसल्या. मग फोनवर हात ठेवून मला म्हणाल्या, "अक्काच्या जावयाला विचार, पुण्याला कधी जाणार आहे. डबा देऊ." आणि पुन्हा फोन कानाला लावून म्हणाल्या, "करू नको काही. रविवारपर्यंत पोचतीय. मित्रांना पण दे, काय? दोन डबे पाठवते."