न्यावयाच्या वस्तू

प्रवासवर्णनाचा विचार करताना समीक्षेने सामानाच्या यादीकडे सहसा लक्ष दिलेले नाही. यादी ही लेखनापूर्वीची तयारी, ते वाङ्मय नव्हे, असा समज त्यामागे असावा. वस्तुतः निघण्यापूर्वी केलेली यादी हीही एक संहिताच होय. जी जागा अद्याप पाहिलेली नाही तिचे पहिले वर्णन या यादीत लिहिले जाते, आणि ‘तिथे काय नाही?’ हा एकच प्रश्न त्या वर्णनाच्या मुळाशी अध्याहृत असतो.

कॅनडाच्या अतिउत्तरेकडील नुनावुत प्रदेशात नेमणुकीवर जाणाऱ्या शिक्षिकेची किंवा परिचारिकेची यादी या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. १ एप्रिल १९९९ रोजी अस्तित्वात आलेल्या या प्रदेशात २५ वस्त्या आहेत. त्यांना एकमेकींशी अथवा दक्षिणेशी जोडणारा रस्ता नाही. समुद्राचे बर्फ वितळले की उन्हाळ्यात जहाज येते. एरवी सारे विमानाने, आणि म्हणून महाग. पीठ, तांदूळ, साबण, औषधे यांचा वर्षाचा हिशेब आधीच मांडावा लागतो. पुढच्या फेब्रुवारीतील अंधारात आपल्याला काय खावेसे वाटेल, कोणते पुस्तक पुन्हा उघडावेसे वाटेल, हे जूनच्या उजेडात ठरवायचे! यादी जागेइतकेच आपल्या भावी ‘स्व’चेही अनुमान असते. गंमत अशी, की तिथल्या थंडीत सर्वांत उपयोगी पडणारी वस्तू या यादीत येऊच शकत नाही. कॅरिबूच्या कातड्याचा दुपदरी पोशाख, आतल्या पदराची लव अंगाकडे आणि बाहेरच्याची बाहेर, तिथल्याच स्त्रीने मापाने शिवावा लागतो.

मराठीत सामानाला जे शब्द आहेत त्यांतही एक सूक्ष्म भेद आहे. ‘चंबूगबाळे’ ज्याचे त्याने आवरायचे असते. ‘बिऱ्हाड’ या शब्दात वस्तूंबरोबर माणसेही येतात, म्हणूनच विंचू आपली पिले पाठीवर वाहतो तेव्हा ते त्याचे बिऱ्हाड ठरते. ‘शिदोरी’ मात्र बहुधा दुसऱ्या कोणी बांधून दिलेली असते. कोणी काय नेले, याइतकाच ते कोणी बांधले हाही प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

ज्यांनी स्वतःच बांधले अशांचे सर्वपरिचित उदाहरण सर जॉन फ्रँकलिन यांचे. १८४५ साली ‘एरेबस’ आणि ‘टेरर’ या जहाजांतून त्यांची मोहीम निघाली तेव्हा तीन वर्षे पुरेल एवढी रसद, हजाराहून अधिक ग्रंथ, चांदीचे चमचे, एवढेच काय, वाद्यसुद्धा बरोबर होते. त्यांच्या १२९ माणसांपैकी कोणीही परतले नाही. १८५९ साली मॅक्लिंटॉक यांच्या शोधपथकाला किंग विल्यम बेटावर घसरगाडीवर चढवलेली एक नाव सापडली. तीत दोन सांगाडे, चांदीचे काटे-चमचे, साबण, कंगवे, सपाता, चहा, चॉकलेट आणि धार्मिक पुस्तके होती. उपाशी माणसे हे सारे बर्फावरून ओढत होती. याला मूर्खपणा म्हणणे सोपे आहे. परंतु ती यादी मुळी उत्तरेसाठी केलेलीच नव्हती. इंग्लंड कुठेही सुटू नये, एवढ्यासाठी ती केलेली होती. त्याच प्रदेशात इनुइट कुटुंबे दगडी दिवा, सुया आणि अर्धचंद्राकृती सुरी घेऊन पिढ्यान्‌पिढ्या मुक्काम हलवीत आली होती.

ऑस्ट्रियन चित्रकर्त्री क्रिस्तियाने रिटर १९३४ साली स्पिट्सबर्गेनला आपल्या शिकारी पतीकडे वर्षभरासाठी गेली. पतीने पत्रातून मागवलेल्या वस्तू अगदी थोड्या होत्या: दोघांना वर्षभर पुरेल इतके दंतमंजन आणि शिवणाच्या सुया. १९३८ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या पुस्तकाचे मोठेपण बरेचसे या दोन यादींमधील अंतरात आहे, असे म्हणता येईल. घर सोडताना अत्यावश्यक वाटलेली कितीतरी ओझी झोपडीतल्या अंधारात अनावश्यक होत जातात. मात्र येथे एक गोष्ट लक्षात घ्यावयास हवी. रिटरबाईंना परतीची वाट होती. कमीत कमी सामानाचे सौंदर्य ज्याला अनुभवता येते, त्याचे उरलेले सामान कुठेतरी सुरक्षित असते.

ज्यांना यादी करण्याचा अधिकारच नव्हता त्यांच्याकडे वळले की ही सारी चर्चा एकदम थिटी वाटू लागते. १९५३ आणि १९५५ साली कॅनडा सरकारने उत्तर क्युबेकमधील इनुकजुआकची इनुइट कुटुंबे सुमारे दोन हजार किलोमीटर उत्तरेला, रेझोल्यूट आणि ग्रीझ फियर्ड येथे, नेऊन ठेवली. शिकार विपुल आहे, आणि न रुचल्यास दोन वर्षांनी परत आणू, असे त्यांना सांगण्यात आले. ते वचन पाळले गेले नाही. तंबू, कुत्री, शिकारीची हत्यारे असे घरचे सामान त्यांनी घेतले. पण ते ५८ अक्षांशावरच्या जगण्याचे सामान होते. ७४ आणि ७६ अक्षांशांवर सूर्य जवळजवळ तीन महिने उगवत नाही, हे त्यांच्या अनुभवात नव्हते. आपली ताटातूट होणार आहे, हेही त्यांना वाटेत जहाजावरच कळले. स्त्रिया रडू लागल्या तशी कुत्रीही हेल काढून रडू लागली, अशी आठवण तेव्हा पाच वर्षांचे असलेले आणि पुढे नुनावुतचे एक शिल्पकार ठरलेले जॉन अमागोआलिक यांनी सांगितली आहे. रेझोल्यूटला पहिला हिवाळा तंबूत आणि बर्फाच्या घरांत गेला. पुढे हवाई तळाच्या उकिरड्यावरचे टाकाऊ लाकूड वेचून या लोकांनी घरे उभारली. दुसऱ्यांचे सामान ज्यांतून आले त्या खोक्यांच्या फळ्या यांच्या भिंती झाल्या!

सरकारी यादीतील सर्वांत बोलकी बाब वेगळीच आहे. इनुकजुआककरांना अंधारातली शिकार शिकवावी म्हणून पाँड इनलेटची काही कुटुंबे त्यांच्याबरोबर धाडण्यात आली. म्हणजे ज्यांना ‘आपल्या मूळ जीवनपद्धतीकडे’ नेत असल्याचे सांगितले जात होते, त्यांना ती पद्धती ठाऊक नाही, हे यादी करणाऱ्याला ठाऊक होते. ज्ञानदेखील पिठाच्या पोत्यासारखे जहाजात भरले गेले, आणि तेही ते जपणाऱ्या माणसांच्या रूपाने. त्या माणसांचीही घरे सुटली, हे या इतिहासाच्या वाचनात नेहमी मागे पडते.

सरकारने १८ ऑगस्ट २०१० रोजी क्षमा मागितली. त्याच वर्षी दोन्ही ठिकाणी स्मारके उभी राहिली. रेझोल्यूटच्या किनाऱ्यावर सिमिओनी अमागोआलिक यांनी घडवलेला एकटा पुरुष उभा आहे. ग्रीझ फियर्डला लूटी पिजामिनी यांनी घडवलेली स्त्री आहे, तिच्यासोबत एक मूल आणि एक कुत्रा. दोघेही समुद्रापलीकडे, एकमेकांच्या दिशेने पाहत आहेत.